हौद-टाकी धुण्याचे दर कसे ठरवावेत: या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

लातूरला फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, टाकी धुवायला किती घेताव?" टाकी केवढी, कुठं बसवलीय, मागच्या वेळी कधी धुतली, आत गाळ किती, यातलं एक अक्षर सांगायच्या आधी त्यांना आकडा पाहिजे असतो. आणि नवा माणूस गिऱ्हाईक सुटेल या भीतीनं आकडा सांगून मोकळा होतो.

मीही झालो होतो. पहिल्याच वर्षी एका काकांनी "साधा दोन हजार लिटरचा हौद आहे" म्हणून सांगितलं आणि मी फोनवरच ३०० म्हणून बसलो. जाऊन जिन्याखालची फरशी उचलली तर हौद सात फूट खोल आणि गाळ घोट्याच्या वर. दोघांना पाच तास लागले. वर आलो तेव्हा माझाच पाय लागून बॉल कॉकची दांडी मोडली, ती २८० रुपयांची. दिवसाला २० रुपये राहिले आणि जोडीदाराची हजेरी खिशातून गेली. काकांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना खरंच तो दोन हजारांचाच वाटत होता.

त्यानंतर जे शिकलो ते खाली मांडतोय. आकडे माझ्या वहीतल्यासारखे, पण उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावची मजुरी, तुमच्या गावचं पेट्रोल आणि तुमच्या गावच्या टँकरचा भाव घालून हिशेब पुन्हा करायचा. परभणीचा दर नांदेडला चालेलच असं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटात बहुधा गच्चीवरचीच टाकी धुवायची असते. आमच्याकडं अंगणात नाहीतर पोर्चखाली हौद, आणि वर टाकी. ही दोन वेगळी कामं आहेत.

आधी टेप लावा, मग तोंड उघडा

घरमालकानं सांगितलेल्या लिटरवर कधीच विसंबू नका. हौद बांधताना गवंड्यानं जो आकडा सांगितला तो घरात कायमचा राहतो. लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा. आले लिटर. आठ बाय सहा बाय पाच फुटांचा हौद म्हणजे २४० घनफूट, म्हणजे साधारण ६,७०० लिटर. मालक त्याला हमखास "दहा हजारांचा" म्हणणार.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, पण नेमके मागा. झाकण उघडून आतला एक, लांबून जागेचा एक, आणि काठी तळाला टेकवून बाहेर काढली की तिच्यावर गाळाची जी खूण उमटते तिचा एक. तिसरा फोटो सगळ्यात कामाचा. निम्मे लोक तो पाठवत नाहीत. त्यांच्याकडं जाऊनच बघावं लागतं.

आणखी दोन गोष्टी विचारा. झाकण केवढं? दीड फुटाच्या झाकणातून अंगापिंडानं भरलेला माणूस उतरत नाही. आणि गच्चीवर जिना आहे की शिडी? जिना नसेल तर मशीन दोरीनं वर ओढावं लागतं, त्यात अर्धा तास जातो.

तुमचा एक दिवस कितीला पडतो

बहुतेक नवे लोक दर असा काढतात: गावात तिघांना विचारायचं, त्यातल्या सगळ्यात स्वस्ताच्या ५० रुपये खाली जायचं. त्या स्वस्तवाल्याचा स्वतःचा हिशेब तरी बरोबर आहे का, हे कुणी बघत नाही. कित्येकदा तो घरचाच भाऊ घेऊन फिरत असतो आणि भावाची हजेरी धरतच नाही. दुसऱ्यांचे दर विचारा जरूर, पण ते शेवटी, आपला आकडा निघाल्यावर ताडून बघायला.

दोघांची जोडी धरू. जोडीदाराची हजेरी ७०० रुपये. तुमची स्वतःची ९००. हो, स्वतःची हजेरी खर्चात धरायची. "माझं काय, उरेल ते माझं" म्हणणारे दोन वर्षांत धंदा बंद करतात, मी बघितलेत. पेट्रोल १५०. ब्लिचिंग पावडर, ब्रश, हातमोजे, गमबूट यांची झीज ८०. फोन, कार्ड, किरकोळ ४५.

आता मशीन. हायप्रेशर मशीन, गाळ ओढणारा मड पंप, पाइप, शिडी, दोर असं सगळं मिळून समजा २५,००० रुपये. आमच्या पाण्यातले क्षार नोझल आणि सील लवकर खातात, म्हणून दोन वर्षांपेक्षा जास्त आयुष्य धरू नका. वर्षात कामाचे दिवस १५० धरले तर ३०० दिवसांत २५,००० वसूल व्हायचे, म्हणजे दिवसाला ८३ रुपये. दुरुस्तीसकट १२५ धरा.

बेरीज झाली बरोबर २,०००. त्यावर २० टक्के नफा धरला तर २,४००. हा नफा म्हणजे चैन नव्हे. पंप जळतो, माणूस आजारी पडतो, चेक परत येतो, ते सगळं यातून जातं.

कामाचे दिवस १५०च का, असं विचाराल. तीनशे धरून बघा, कागदावर दर किती छान खाली येतो. पण भर पावसात लोक बोलावत नाहीत, कडक उन्हाळ्यात पाणीच नसतं, आणि लग्नसराईत जोडीदार मिळत नाही. १५० दिवसांची तुमची हजेरी होते १,३५,०००, म्हणजे महिन्याला ११,२५०. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून माझ्यासारखे बरेच जण जोडीला नळाची, कॉकची कामं घेतात. नोकरी सोडून यात उडी मारणाऱ्यानं हा आकडा आधी बायकोला दाखवावा.

लिटरला नाही, तासाला

दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असला तरी हातात ब्रश असतो सहाच तास. बाकी रस्त्यात, चहात, आणि "थांबा, पप्पा येतेत, मग झाकण उघडू" यात जातात. २,४०० भागिले सहा, म्हणजे जोडीचा तास ४०० रुपयांचा. हा आकडा पाठ करा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

गच्चीवरची हजार लिटरची प्लास्टिकची टाकी धुवायला पाऊण तास, सामान मांडून आवरायला पाव तास. एक तास, ४००. आधी मोजलेला ६,७०० लिटरचा हौद, गाळ बेताचा, तर अडीच तास, १,०००. दोन्ही एकाच फेरीत असतील तर मांडामांड एकदाच होते, पाव तास वाचतो, म्हणून १,३००. लक्षात घ्या, ही १०० रुपयांची सूट मी मनानं दिलेली नाही, वाचलेल्या वेळातून दिलीय. सूट द्यायचीच तर अशी द्या. गिऱ्हाईक म्हणेल "दोन कामं देतोय, तीनशे कमी करा", तर तुमच्याकडं उत्तर तयार असतं.

टाकी ६,००० ची असो की ३,००० ची, लिटर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. तळ आणि भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं तेवढाच वेळ वाढतो. म्हणून "लिटरला इतके पैसे" हा हिशेब मोठ्या हौदाला महाग आणि छोट्या टाकीला तोट्याचा पडतो. ५०० लिटरच्या टाकीला लिटरनं धरलं तर २०० येतील. तेवढ्यात पेट्रोल निघून हजेरी निघत नाही. कितीही लहान काम असलं तरी ३५० च्या खाली घराबाहेर पडायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. आळीतल्याच दोघा-तिघांनी मिळून बोलावलं तर गोष्ट वेगळी, तिथं सगळ्यांचंच भलं होतं.

पाण्याचा हिशेब सगळ्यात आधी

पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघून धंदा सुरू केला तर इथंच ठेच लागते. तिकडं व्हॉल्व्ह उघडतात आणि राहिलेलं पाणी सोडून देतात. आमच्याकडं तसं केलं तर घरातली मावशी झाडू घेऊन मागं लागेल, आणि तिचं बरोबर असेल.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, त्यात ५ लाख लिटर पाणी. ज्या गावानं मिरजेच्या पाण्याची वाट बघितलीय, तिथं तळाशी राहिलेलं फूटभर पाणीसुद्धा मोजलं जातं. आमच्या गल्लीत त्या वर्षानंतर ज्यांनी घरं बांधली त्यांनी हौद आधी खोदला, पाया नंतर.

तर मोजूच. आठ बाय सहाच्या हौदात फूटभर पाणी राहिलं म्हणजे ४८ घनफूट, साधारण १,३५० लिटर. पाच हजारांचा टँकर ८०० ला पडत असेल तर हे पाणी २०० च्या वरचं झालं. म्हणजे तुम्ही १,००० रुपये सांगितले तरी मालकाच्या डोक्यात काम १,२०० चं असतं. त्याला तुमचा दर जास्त का वाटतो ते यावरून कळेल. घासाघीस तुमच्या मजुरीवर होते, पण खुपत असतं ते पाणी.

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही पैसे मिळवून देतात.

पहिला, तारीख नळाच्या पाळीवरून ठरवायची. चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद आपोआप तळाला लागलेला असतो. कोणत्या वॉर्डात कधी पाणी सुटतं ते वहीत लिहा. मी आठवड्याची कामं त्या वहीवरूनच लावतो. पत्ता जवळ की लांब हे नंतर. पाळी हुकून अचानक पाणी लवकर आलं तर काम पुढं ढकलायचं, पैसे मागायचे नाहीत. आणि पाळी आली नाही, हौद कोरडा धुऊन ठेवला आणि घरात थेंब नाही, असंही होतं. म्हणून वरच्या टाकीत दोन दिवसांचं पाणी आहे ना, हे आधी विचारून घ्या. दोन्ही टाक्या एकाच दिवशी धुवायच्या तर आधी वरची कधीच रिकामी करू नका.

दुसरा उपाय म्हणजे वरचं निवळ पाणी वाचवून देणं. पंप तळाला न ठेवता दोरीनं अधांतरी टांगायचा, म्हणजे गाळ ढवळत नाही, आणि दोनशे लिटरच्या पाच ड्रमांत पाणी काढून द्यायचं. शेवटचं तीन इंच, म्हणजे ३४० लिटर, ते गाळासोबत जाणारच. हजार लिटर वाचले. ते प्यायला नाही वापरायचं, पण धुण्याभांड्याला, झाडांना, फरशीला चालतं. याला वीस मिनिटं लागतात, मी १०० रुपये लावतो आणि दर सांगताना हेच आधी सांगतो: "तुमचं हजार लिटर पाणी वाचवून देतो." ते ऐकल्यावर निम्म्या घरांत घासाघीस होतच नाही.

धुवायचं पाणीही मोजा. घरगुती हायप्रेशर मशीन मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतं. वीस मिनिटं गन चालवली तरी सव्वाशे-दीडशे लिटरात भागतं. मोटारीचा उघडा पाइप धरलात तर तेवढं पाणी पाच-सात मिनिटांत गेलं. मशीन महाग वाटत असेल तर या जागी त्याची किंमत कळते.

जंतुनाशकाचं गणित

पुस्तकी पद्धत अशी, की टाकी क्लोरीनच्या पाण्यानं पूर्ण भरायची, तशीच ठेवायची आणि मग ओतून द्यायची. आपल्याकडं हे कुणी करू देणार नाही. त्याऐवजी धुऊन झाल्यावर भिंतींना आणि तळाला तीव्र द्रावण लावायचं, अर्धा तास थांबायचं आणि थोड्या स्वच्छ पाण्यानं खंगाळून काढायचं. दहा लिटरच्या बादलीत अदमासे ८ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर पुरते. निवळी घ्या, खालचा चुना टाकून द्या. पावडर छोट्या पाकिटातच घ्या, उघडी राहिली की तिचा जोर उतरतो. बोरी उघडून वर्षभर वापरणारे लोक भिंतीला नुसता चुना फासत असतात.

हा अर्धा तास थांबण्याचा वेळ दरात धरलाय का, ते बघा. मी त्या वेळात वरची टाकी धुतो.

जास्तीचे पैसे कशाचे

गाळाचे. आठ बाय सहाच्या हौदात एक इंच गाळ म्हणजे चार घनफूट, बारा-चौदा घमेली. ते भरून वर द्यायला आणि पोत्यात टाकायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणून दोन इंचांपर्यंत दरातच, पुढं इंचाला १५० रुपये. टँकरच्या पाण्यावरच्या घरात आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येणाऱ्या भागात गाळ हमखास जास्त निघतो. गाळ टाकायचा कुठं, हेही आधी ठरवा. गटारीत सोडला तर शेजारी भांडतो. माझं एकदा असं झालं आणि अख्खी गल्ली फावड्यानं मला साफ करावी लागली. बागेला तो चांगला चालतो, नाहीतर पोत्यात भरून ठेवा.

क्षाराचे. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भिंतीला सिमेंटसारखा धरतो. तो काढायला किती वेळ लागेल हे देवालाच माहीत, म्हणून त्याचा ठोक दर द्यायचाच नाही. तासाला ४००, जेवढा निघेल तेवढा. गिऱ्हाईक म्हणेल, ॲसिड टाका की. सिमेंटच्या हौदात ॲसिड टाकलं तर क्षाराबरोबर प्लॅस्टरही खातं, आणि चुकून ब्लिचिंगशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद हौदात तो माणूस मारतो. ॲसिड आणि ब्लिचिंग एका गाडीत नेऊसुद्धा नका.

खोलीचे. सहा फुटांपेक्षा खोल हौद असला की मी तिसरा माणूस घेतो आणि त्याची अर्धी हजेरी दरात घालतो. त्याचं काम एकच, वर काठावर बसून आतल्या माणसाशी बोलत राहणं. बंद पडलेल्या हौदात हवा कुजलेली असते. झाकण उघडून तासभर सोडा, पंख्यानं हवा मारा, आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा. दिवा सोडून बघायची जुनी रीत पुरेशी नाही, तो विझला नाही म्हणजे हवा चांगली असं होत नाही. पेट्रोलवरचं इंजिन हौदात उतरवायचं नाही, त्याच्या धुरानं माणूस झोपल्यासारखा जातो. आणि आत माणूस असताना विजेचा पंप चालू ठेवायचा नाही, प्लग काढून वायर हातात घ्यायची. आत कुणी बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. एकाच्या मागं दुसरा जातो तो असाच. ही सगळी काळजी म्हणजे वेळ, आणि तो वेळ दरात नसला की माणूस ती काळजी सोडून देतो. सगळ्यात स्वस्त दर देणाऱ्याकडं दोर नसतो, हे माझं निरीक्षण.

इथंच एक नाही म्हणायचं काम. पाण्याचा हौद धुऊन झाला की बरेच जण हळूच म्हणतात, "तेवढी संडासाची टाकीपण बघा की, वेगळे देतो." दोन हजार देत असले तरी नाही. सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे, आणि कायदा नसता तरी त्या टाकीतला वायू कुणाला सोडत नाही. नगरपालिकेची नाहीतर खाजगी सक्शन गाडी बोलवायला सांगा. शिवाय पिण्याच्या पाण्याचे ब्रश आणि ते, एका घरात दोन्ही कामं करणाऱ्याला मी माझी टाकी धुवू देणार नाही.

दर सांगायचा कसा

लिहून. तोंडी ठरलेलं काम संपेपर्यंत बदलतं. मी असा निरोप पाठवतो:

"नमस्कार मावशी. हौद ८×६×५ फूट आणि वरची हजार लिटरची टाकी, दोन्हीचे १,३०० रुपये. यात पाणी काढणं, दोन इंचांपर्यंत गाळ, ब्रश, मशीन, ब्लिचिंग सगळं आलं. निवळ पाणी ड्रमात पाहिजे असल्यास १०० जास्त, ड्रम तुमचे. गाळ जास्त निघाला तर काम थांबवून दाखवू, इंचाला १५०. पांढरा थर काढायचा असल्यास तासाला ४००. कॉक, झाकण खराब असेल तर आधी फोटो काढून दाखवू, सामान तुमचं. बुधवारी तुमची पाण्याची पाळी, म्हणून मंगळवारी सकाळी ९ ला येतो."

यातलं "काम थांबवून दाखवू" हे वाक्य सोडू नका. काम झाल्यावर मागितलेले जास्तीचे पैसे म्हणजे लुबाडणूक वाटते, मध्येच दाखवून मागितले तर माणूस स्वतः वाकून बघतो आणि म्हणतो, "बाप रे, हे पाणी पीत होतो आम्ही?" आणि कॉकचा फोटो का, ते मोडलेल्या दांडीवरून कळलंच असेल.

घासाघीस होणारच. मोंढ्यात भाव करणारी माणसं आहेत ही, न करता दिलं तर त्यांनाच झोप लागत नाही. पण दर कमी करताना काम कमी करा. "१,१०० ला बसवा" म्हणाले तर "बसवतो, हौदातलं पाणी तुम्ही काढून ठेवा आणि गाळ तुम्ही टाका" म्हणा. काम तेवढंच आणि पैसे कमी, हे एकदा मान्य केलं की पुढच्या वर्षी तोच तुमचा दर. सोयऱ्या-धायऱ्यांना फुकट करायचं असेल तर सरळ फुकट करा. अर्ध्या दरात केलेलं काम ते गावभर अर्ध्या दराचं म्हणून सांगतात.

पैसे झाकण बंद करायच्या आधी, स्कॅनरवर नाहीतर रोख. "मालक आले की टाकतो" ला हसून बसून राहायचं.

वर्षाचं गुत्तं

वर्षात दोनदा येण्याचं ठरवून घेतलं की तुम्हाला काम शोधत फिरावं लागत नाही. एक फेरी पावसाच्या तोंडावर, हौद रिकामे असतात तेव्हा. दुसरी पाऊस उघडल्यावर, घटस्थापनेच्या आधी, घरं धुतात तेव्हा. दोन फेऱ्यांचे २,६०० होतात, मी दहा टक्के सोडून २,३४० घेतो आणि अर्धे आधी.

आमच्या आळीतला एक पोरगा कॅनडात असतो. तिकडं घरासमोरचा बर्फ काढून देणारे लोक असतात, त्यांच्या दराच्या गप्पा तो सांगत होता. काही जण दर फेरीला पैसे घेतात, काही जण किती इंच बर्फ पडला त्यावर, आणि बरेच जण पहिला बर्फ पडायच्या आधीच अख्ख्या हिवाळ्याचं ठरवून टाकतात. बर्फ कमी पडला तर त्यांची चांदी, जास्त पडला तर घरमालकाची. मी म्हटलं, अरे हा तर आमचाच धंदा, बर्फाच्या जागी गाळ. फरक एवढाच की बर्फ कुणी बोलावल्याशिवाय येतो आणि गाळ आम्ही पैसे देऊन टँकरनं आणतो.

त्यातून एक गोष्ट मी उचलली. वर्षाच्या गुत्त्यातही इंचाची अट ठेवायची. नाहीतर नळ बंद होऊन टँकर सुरू झालेल्या वर्षी प्रत्येक हौदात चार-चार इंच गाळ निघतो आणि वीस घरांची गुत्ती एकदम तोट्यात जातात. सोसायटीशी बोलताना तर ही अट पहिल्या ओळीत. तिथं अध्यक्ष बदलला की ठरलेलं कुणाला आठवत नाही.

गर्दीचा काळ

नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस फोन थांबत नाही. तेव्हा दर वाढवावा का? मी वाढवत नाही, सूट बंद करतो. ज्यांना सूट पाहिजे त्यांनी श्रावणात बोलवावं, तेव्हा मी रिकामा असतो. डेंग्यूची साथ आली की काही जण भीती दाखवून दुप्पट घेतात. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे खरंय. पण मग त्या घराला वर्षातून एकदा टाकी धुऊन काय उपयोग? त्यांना घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी पाहिजे. ती ५० रुपयांत बसवून द्या. ते घर तुमचं झालं.

कागदपत्रं

फार नाहीत. दोन-चारच माणसं असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. मोठ्या सोसायट्या आणि दवाखाने पक्कं बिल मागतात, छापील बिलबुक ठेवा.

दर वाढवताना

दरवर्षी गुढीपाडव्याला वही काढून दिवसाचा खर्च पुन्हा मांडा. हजेरी ७०० ची ८०० झाली असेल तर तासाचे ४०० चे ४२० होतात: वाढलेले १००, त्यावर २० टक्के, भागिले सहा. जुन्या गिऱ्हाइकाला हे गणित सांगितलं तर तो ऐकतो. तीन वर्षं तोच दर ठेवून चौथ्या वर्षी एकदम ३०० वाढवले तर तो दुसरा माणूस बघतो.

आणि निघायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं धुतल्याची तारीख आणि तुमचा नंबर लिहा. बाहेरच्या बाजूला उन्हानं उडतो. सहा महिन्यांनी मोटार का पाणी ओढत नाही म्हणून कुणीतरी ते झाकण उचलतंच.